पिशव्या कोण सांभाळणार?

नेरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी पत्र आहे. सगळं छापायला जागा नाही, म्हणून मुद्द्याचं तेवढं देते.

“सोयाबीन निघालं की हातात चार पैसे येतील, म्हणून यंदा आमच्या घरची मंडळी दिल्लीचा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा बघायला जायचं म्हणताहेत. यांना यंत्रं बघायची आहेत, मुलाला मोबाईलच्या वस्तू, मुलीला परदेशी खाऊ. मी येऊ का, असं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘तुले काय समजते त्याच्यातलं? पोट्ट्याईले पाहाले जा, वाटलंच तर.’ मागे एकदा एका मोठ्या प्रदर्शनाला गेलो होतो. तेव्हा तीन तास मी एका खांबाशी पिशव्या घेऊन बसले होते. यंदाही तेच व्हायचं असेल, तर माझ्या तिकिटाचे पैसे कशाला घालवायचे? तुमचं मत कळवा.”

मत विचारलंत म्हणून सांगते. जा, जरूर जा! पण पिशव्या सांभाळायला जाऊ नका. आणि ‘तुले काय समजते’ याचं उत्तर मनाशी पक्कं करून जा. देशोदेशींच्या प्रदर्शनात असतं तरी काय? धान्य, कापड, मसाले, सुकामेवा, भांडी, गालिचे, लोणची, मिठाया. यातली कोणती वस्तू आपल्या हाताखालून गेलेली नाही? यंत्रांचं दालन यजमानांचं असेल, पण उरलेलं निम्मं प्रदर्शन तुमच्याच विषयाचं आहे.

हे प्रदर्शन परक्याचं नाही

देशोदेशीच्या वस्तू एका छपराखाली मांडायची मोठी सुरुवात १८५१ साली लंडनला झाली. काचेचा एक प्रचंड महाल त्यासाठी उभारला होता. आपला कोहिनूर आणि ढाक्याची मलमल तिथे लोकांनी दाटीवाटीनं पाहिली. पुढे १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात देशांनी आपापली वेगळी दालनं बांधली आणि तीच रीत पडली. या प्रदर्शनांनी जगाच्या खाण्यापिण्यावरही छाप टाकली. आज आपली मुलं जे कोनातलं आईस्क्रीम खातात, ते लोकप्रिय झालं १९०४ च्या अमेरिकेतल्या सेंट लुईच्या प्रदर्शनात.

हे झालं साहेबाचं. आता घरचं ऐका. नेरहून अमरावतीला जाताना वाटेत नांदगाव खंडेश्वर लागतं. त्याच तालुक्यातलं पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुखांचं गाव. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस विलायतेत शिकला, परत येऊन त्यानं विदर्भात शाळा-कॉलेजं काढली आणि पुढे केंद्रात शेतीखात्याचा मंत्री झाला. शेतकऱ्यांसाठी त्यांनी ‘भारत कृषक समाज’ ही संस्था स्थापली. तिच्याच पुढाकारानं डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या वेळी दिल्लीत होते आणि उद्घाटनाला हजर होते. अमेरिकेच्या दालनाचं नावच ‘अमेरिकी मेला’ असं ठेवलं होतं. रशियाचंही दालन होतं. त्या काळी या दोन देशांचं एकमेकांशी अजिबात जमत नव्हतं, पण आपलं बियाणं आणि यंत्रं भारतातल्या शेतकऱ्याला दाखवायला दोघेही आले.

सांगायचं ते एवढंच की, जगाला दिल्लीत बोलावणारा माणूस तुमच्या शेजारच्या तालुक्यातला होता. तेव्हा नेरच्या बाईनं त्या दारात बिचकायचं कारण नाही.

दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ साली ‘एशिया ७२’ हा आशियाई देशांचा मेळा भरला. १९८० पासून तिथे दरवर्षी आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरू लागला. आपल्यापैकी ज्यांनी तो जुन्या काळी पाहिला असेल, त्यांना ओळखू येणार नाही इतकं मैदान आता बदललं आहे. तिथला प्रसिद्ध ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ साली पाडला आणि २०२३ साली ‘भारत मंडपम्’ ही नवी भव्य वास्तू उभी राहिली.

एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे विरस होणार नाही. दिल्लीच्या मेळ्यात परदेशांना स्वतंत्र इमारती नसतात. बाहेरच्या देशांचे गाळे हॉलमध्ये ओळीनं असतात आणि आपल्या राज्यांची दालनं वेगळी असतात. एकेका देशाची अख्खी इमारत बघायची असेल, तर जागतिक प्रदर्शनच गाठावं लागतं. दुबईला १ ऑक्टोबर २०२१ ते ३१ मार्च २०२२ असं सहा महिने ते भरलं होतं आणि १९२ देशांची दालनं होती. भारताचं दालन चार मजली होतं, त्याच्या दर्शनी भागावर सहाशे फिरते ठोकळे बसवले होते. त्यानंतरचं २०२५ साली जपानमध्ये ओसाकाला झालं. आता पुढचं मोठं जागतिक प्रदर्शन २०३० च्या ऑक्टोबरपासून सौदी अरेबियात रियाधला ठरलं आहे.

तुमची ज्वारी, तुमचं सोयाबीन

आता ‘समजते काय’ या प्रश्नाकडे वळू या.

ज्वारी घ्या. आपण समजतो, ज्वारी म्हणजे अस्सल आपली वऱ्हाडची. पण ज्वारीचं मूळ माहेर आफ्रिकेत, सुदानच्या बाजूला. हजारो वर्षांपूर्वी ती तिकडून आपल्याकडे सासरी आली आणि इथेच रुळली. सुदानमधल्या बायका आजही ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर अगदी पातळ पसरतात आणि त्याची पोळी करतात. तिला ‘किसरा’ म्हणतात. शेजारच्या इथिओपियात ‘टेफ’ नावाचं राईहून बारीक धान्य असतं. त्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून ‘इंजेरा’ करतात. एकाच बाजूनं भाजायची, वरून जाळी पडू द्यायची. आपल्या आंबोळीची थोरली बहीणच म्हणा ना! हे दालन समोर आलं तर यजमान दोन मिनिटांत पुढे जातील. तुम्ही मात्र थांबाल, कारण पीठ किती आंबलंय, तवा किती तापलाय, हे तुमच्या डोळ्यांना कळतं.

मका घ्या. मेक्सिकोतल्या बायका मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन वाटतात आणि त्याच्या पोळ्या करतात. चुन्यामुळे साल सुटतं, अंगाला कॅल्शियम मिळतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व, जे एरवी अंगी लागत नाही, ते मोकळं होतं. मका युरोपात गेला तेव्हा ही चुन्याची युक्ती मागेच राहिली. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना तिकडे कातडीचा एक वाईट रोग जडला. बायकांच्या हातची एक साधी रीत सोडली, तर केवढं महागात पडतं पाहा!

आणि सोयाबीन? ते तर नेरच्या चहूकडे पिकतं. पोतं भरलं, गाडीत टाकलं, बाजार समितीत विकलं, झालं. आपल्या स्वयंपाकघरात ते किती येतं? थोडं दळणात, थोड्या वड्या, बस्स. हे पीक मूळचं चीनचं. चीन-जपानमध्ये त्याचं दूध काढतात, दुधाचं पनीर करतात, आंबवून चटण्या नि रस करतात. अशा दालनात उभं राहून विचारा, बघा, चव घ्या. जे आपण पोत्यानं विकतो, त्याचं दुसरीकडे काय काय होतं, हे घरातल्या बाईनं बघितलं तर त्याचा घराला उपयोग होतो. फक्त एक लक्षात ठेवा. सोयाबीन कच्चं खाऊ नये, ते नीट पचत नाही. घरी दूध काढलंत तर चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळा. फेस लवकर येतो, त्याला उकळी समजू नका.

कापसाचंही तसंच. आज आपल्या शेतात बहुतेक उभा असतो तो मूळ अमेरिकेकडच्या जातीचा कापूस. जुना गावरानी देशी कापूस वेगळा, आखूड धाग्याचा. इजिप्तचा कापूस लांब धाग्यासाठी नावाजलेला आहे. तुर्कस्तानचे टॉवेल, बांगलादेशची जामदानी हाताला लावून बघा. ज्या बोटांनी कापूस वेचलाय, निवडलाय, वाती वळल्यात, त्या बोटांना सूत कळतं. तिथे कुणी प्रमाणपत्र मागत नाही.

सासूबाईंना दुखवायची गरज नाही, बरं का. उलट निघण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसा. पूर्वी घरात ज्वारीचे कोणकोणते प्रकार होत, आंबील कशी करत, पीठ किती वेळ आंबवत, हे विचारून वहीत उतरवून घ्या. “तिकडच्या बायका कशा करतात ते बघून येते, मग आपण ताडून बघू,” असं म्हणा. ज्याला विचारलं जातं, त्याला राग येत नाही.

जाण्यापूर्वी

मेळा दरवर्षी १४ नोव्हेंबरला सुरू होतो आणि २७ ला संपतो. पहिले चार-पाच दिवस व्यापाऱ्यांचे, तेव्हाचं तिकीटही महाग. आपल्यासारख्यांसाठी साधारण १९ तारखेपासून मेळा खुला होतो. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मधला वार धरा. तिकिटं मैदानाच्या दारावर मिळतील या भरवशावर राहू नका. अलीकडे ती मेट्रोच्या ठरावीक स्टेशनांवर आणि ऑनलाईन विकली जातात. त्या वर्षीचे दर आणि वेळा जाहिरातीत बघून घ्या. मैदानाजवळच्या मेट्रो स्टेशनचं नाव पूर्वी ‘प्रगती मैदान’ होतं, ते आता ‘सुप्रीम कोर्ट’ झालं आहे. जुनं नाव शोधत फिरू नका.

नेरहून यवतमाळ-वर्ध्यावरून नागपूर गाठलं, की दिल्लीला रात्रीची गाडी मिळते. धामणगाव किंवा बडनेऱ्याहूनही रेल्वे धरता येते. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुलं होतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जायचं, तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच तिकीट काढा. सोयाबीन विकल्यावर बघू म्हणाल, तर सगळ्या गाड्या भरलेल्या.

नोव्हेंबरच्या शेवटी दिल्लीची थंडी आपल्यापेक्षा कडक असते. सकाळ-संध्याकाळी स्वेटर, कानाला रुमाल हवाच. हवाही धुरकट असते. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर औषध हाताशी ठेवा आणि डॉक्टरांना आधी विचारा. पायात सवयीच्या चपला किंवा बूट घाला. नव्या कोऱ्या चपलांची हौस तिथे नको, दिवसभरात कोसभर सहज चालणं होतं. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा वाटत असेल तर खुशाल घाला. साडीच नेसायची तर सुती आणि घोट्याच्या जरा वर.

आणि सर्वांत महत्त्वाचं, घरीच पैशांची वाटणी करा. प्रवास, राहणं, जेवण यांचे पैसे वेगळे. उरलेल्यात प्रत्येकाचा वाटा, आणि त्यात तुमचाही. दोनशे असो की दोन हजार, ते तुमचे. त्याचा हिशेब कुणी मागायचा नाही. ‘घरातलं काहीतरी घेते’ म्हणून ते पुन्हा चहाच्या गाळणीत घालू नका.

पिशव्यांची पाळी

आता मूळ प्रश्न. पिशव्या कोण सांभाळणार?

पहिलं उत्तर असं की, पिशव्या न्यायच्याच कशाला? सामान उतरलेल्या ठिकाणी कुलपात ठेवा. पाण्याची बाटली आणि स्वेटर ज्याचं त्यानं आपल्या खांद्यावर घ्यावं. दहा वर्षांच्या मुलाला आपली बाटली जड होत नाही. खरेदी सुरुवातीला करू नका, परतायच्या शेवटच्या दोन तासांत करा. म्हणजे ओझं होणारच नाही.

दुसरं उत्तर, तरीही बसावं लागलं तर पाळी लावा. एकेकानं अर्धा तास. यजमान, मुलगा, मुलगी, तुम्ही, सगळ्यांची पाळी. हे तिथे गर्दीत ठरवू नका, गाडीत बसल्याबसल्या ठरवा, आणि हसतखेळत. गर्दीत दमलेल्या माणसाशी न्याय-अन्याय बोलून काही निष्पन्न होत नाही.

तिसरं, सगळं बघायचा हव्यास सोडा. नकाशा घ्या आणि प्रत्येकानं दोन-दोन दालनं निवडावीत. चौघांची आठ झाली, एका दिवसाला पुष्कळ. तुमच्या दोन दालनांना तासभर तुम्ही एकट्या जा. एकट्या का? मुलं बरोबर असली की आपले डोळे मुलांवर असतात, वस्तूंवर नसतात. गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. ठळक दिसणारं एखादं प्रवेशद्वार क्रमांकासह धरा. लहान मुलाच्या खिशात नाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

बोलायची लाज वाटते, हिंदी कच्चं आहे, असं म्हणू नका. गाळ्यावर उभी असलेली इराणी किंवा थाई बाई तरी कुठे हिंदी शिकून आलेली असते? वस्तूकडे बोट दाखवा, हातवारे करा, तिच्याकडे बघून हसा. ‘हे कसं करता’ हा प्रश्न हातानंही विचारता येतो. छोटी वही आणि पेन मात्र जवळ ठेवा. प्रत्येक दालनाबद्दल एकच ओळ लिहा. घरी आल्यावर फोटो शंभर असतात आणि आठवत काही नाही.

खाताना

परदेशी पदार्थांच्या ओळीत मुलं सैरभैर होतात. चौघांत एक बशी घ्या. आवडलं तर दुसरी, नाहीतर पुढचा गाळा. अशानं चार देशांची चव होते आणि खिशाला भोक पडत नाही. लहान मुलांना पहिल्याच दिवशी फार तिखट, फार तेलकट नको. परतीचा प्रवास लांबचा आहे. रेल्वेसाठी दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि उरलेला चिवडा आहेच.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ विचारून भागत नाही. ‘यात काय काय घातलंय’ असं विचारा. थाई भाजीत मांसाचा तुकडा दिसणार नाही, पण माशापासून केलेला खारट रस असतो. जपानी रश्शाचं पाणीच पुष्कळदा सुक्या माशाचं असतं. थरथरणाऱ्या जेलीत जिलेटीन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. केकमध्ये अंडं असतं. उलट अरबी-लेबनानी गाळ्यावर निर्धास्त राहावं असे चांगले प्रकार मिळतात. हरभऱ्याचे वडे, तिळाची चटणी, भाजलेल्या वांग्याचं भरीत. हो, भरीतच! आपण त्यात हिरवी मिरची आणि शेंगदाणे घालतो, ते तीळ आणि लिंबू घालतात. बाकी वांगं तेच, निखाराही तोच.

घेताना

अफगाणी सुकामेवा, इराणी केशर, तुर्की दिवे बघून हात शिवशिवतात. भाव किलोचा आहे की पावाचा, हे आधी नीट विचारा. अंजीर फोडून बघा, आत अळी किंवा जाळं नको. केशराच्या दोन काड्या कोमट पाण्यात टाका. खऱ्या केशराचा पिवळा रंग हळूहळू उतरतो आणि काडी लालच राहते. पाणी झटकन रंगलं आणि काडी पांढरी पडली, तर गाळा सोडा. शुद्ध सूत ओळखायला धागा जाळून बघतात हे खरं, पण दालनात काडी पेटवू नका हं, चौकीदार धावत येईल! तिथे कापडाची चिठ्ठी वाचा.

शेवटच्या दिवशी भाव उतरतात, पण चांगला माल तोवर संपलेला असतो. फुटणाऱ्या वस्तू रेल्वेनं आणायच्या तर दोनदा विचार करा. आणि ‘जादूची’ किसणी, ‘कधीच न चिकटणारा’ तवा विकणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी ती वस्तू त्याच्या हातातच छान चालते, हे ध्यानात ठेवा.

दुबईला जाणाऱ्या आयांसाठी

आता आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली दुबई-अबूधाबीला नोकरीला आहेत. तिथे दर हिवाळ्यात ‘ग्लोबल व्हिलेज’ भरतं. देशोदेशींची दालनं आणि खाणं, सगळं एका ठिकाणी. दिवाळीनंतर मुलाकडे जाणाऱ्या आया ते हौसेनं बघतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट कळकळीनं सांगते.

खसखस नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणणं हा गुन्हा आहे. तिकडे ती अमली पदार्थांच्या यादीत धरतात. सौदी अरेबियात आणि सिंगापुरातही तिला बंदी आहे. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण त्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. नुसती पुडी नाही नेली म्हणून भागत नाही. अनारशाला खसखस लागलेली असते. सावजी पद्धतीच्या मसाल्यात असते. घरच्या काळ्या मसाल्यात, डिंकाच्या लाडवात असू शकते. मुलाच्या मायेपोटी बांधलेला डबा त्याच्या नोकरीवर यायला नको. चिवडा, शेव, शंकरपाळे न्या, अनारसे इथेच खाऊ घाला. तसंच खोकल्याच्या आणि दुखण्यावरच्या काही औषधांनाही तिकडे बंधनं आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि मुलाला आधीच चौकशी करायला सांगा. विमानतळावर कुणी ओळखीचं-अनोळखी ‘एवढी पिशवी न्या हो मावशी’ म्हणालं, तर हात जोडून नाही म्हणा. तिथली पिशवी मात्र स्वतःचीच आणि स्वतःच सांभाळायची.

घरी आल्यावर

पाहिलेलं घरात उतरलं नाही, तर ते नुसतं फिरणं झालं. म्हणून एखादा पदार्थ आठ दिवसांत करून बघा. सोपा म्हणून अरबी हरभऱ्याची चटणी देते, ती ‘हमस’ नावानं मिळते.

एक वाटी काबुली हरभरे रात्री भिजत घाला. सकाळी चिमूटभर खायचा सोडा घालून कुकरला इतके मऊ शिजवा की, बोटांत धरताच लगदा झाला पाहिजे. चार मोठे चमचे पांढरे तीळ मंद आचेवर जरा गरम करा, तांबूस होऊ देऊ नका, नाहीतर कडवट लागतात. दोन चमचे तेल घालून ते गुळगुळीत वाटा. त्यात हरभरे, लसणाच्या दोन पाकळ्या, एका लिंबाचा रस आणि मीठ घालून, गार पाणी थोडं थोडं घालत लोण्यासारखं वाटा. तिकडे वरून ऑलिव्हचं तेल घालतात. आपण करडईचं किंवा शेंगदाण्याचं घालावं, वर जरा तिखट भुरभुरावं. ज्वारीच्या गरम भाकरीशी हे इतकं छान लागतं की, घरातली म्हातारी माणसंसुद्धा ‘हे कुठलं पिठलं गं?’ म्हणून पुन्हा मागतील.

आणि एक. दिल्लीच्या मेळ्यात महाराष्ट्राच्या दालनाकडे आणि बचत गटांच्या गाळ्यांकडे वळायला विसरू नका. मुंबईतही ‘महालक्ष्मी सरस’ हे बचत गटांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे आपल्यासारख्याच बाया गाळ्याच्या पलीकडच्या बाजूला उभ्या असतात. चटण्या, पापड, लोणची, ज्वारीचे पदार्थ त्यांनी मांडलेले असतात. थोडं थांबून त्यांच्याशी बोला. नोंदणी कशी केली, पाकिटावर काय काय छापावं लागतं, माल टिकतो किती दिवस, भाव कसा काढता, येण्या-जाण्याचा खर्च वजा जाता हातात काय उरतं, हे विचारा. त्या मोकळेपणानं सांगतात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेही भारतानं सुचवल्यावरून. तेव्हापासून शहरातली माणसं ज्वारी-बाजरीच्या खाकऱ्याला, चिवड्याला चांगले पैसे मोजू लागली आहेत. ज्वारी ज्यांच्या घरची, भाकरीचा हात ज्यांचा, त्यांनी याची चौकशी तरी करून ठेवावी.

वहीतलं एक पान त्यासाठी कोरं ठेवा. बघायला जाणाऱ्या बाईनं, मांडायला काय लागतं, हेही एकदा लिहून आणावं.